त्रास तिला जाणवत नाही, तिच्या हृदयाला जाणवतोय

पत्र

ताई,

आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. मुलगी 24 वर्षांची आहे, महाप्याला एका कंपनीत नुकतीच लागली. नोकरीच्या मेडिकलमध्ये ईसीजीत काहीतरी वेगळं दिसलं म्हणून टूडी इको करायला सांगितली आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र निघालं. रिपोर्टवर लिहिलंय : ओस्टियम सेकंडम एएसडी 18 मिमी, लेफ्ट टू राइट शंट, आरए-आरव्ही डायलेटेड, क्यूपी-क्यूएस 2.2, माइल्ड पीएच. डॉक्टर म्हणाले, जांघेतून बटण बसवून बंद करता येईल, उगाच लांबवू नका.

पण ताई, तिला काहीच त्रास नाही. लहानपणी सर्दी-खोकला पाचवीला पुजलेला होता आणि अंगाने बारीक, एवढंच. हल्ली ठाणे स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबते, पण म्हणते गर्दीमुळे.

तिचं लग्न ठरत आलंय. मुलगा कल्याणचा, घरचे चांगले आहेत. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा करायचं घाटतंय. आमचे हे म्हणतात, धडधाकट मुलीला कशाला कापाकापी. जाऊबाई म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, लग्नानंतर बघू. कोणीतरी अर्जुनसालीचा काढा सुचवलाय. आणि सासूबाई मला म्हणतात, ती पोटात असताना ग्रहणात तू सुरी हातात घेतली होतीस, त्याचं हे फळ. मी रात्र रात्र जागी असते. बटण बसवायलाच हवं का? मुलाकडच्यांना सांगायचं का? तिला मूलबाळ होईल ना?

— एक आई, ठाणे

उत्तर

ताई,

साखरपुडा महिना-दोन महिने पुढे गेला तर काही बिघडणार नाही. छिद्र बंद करणं मात्र लग्नानंतरवर ढकलू नका. तुम्ही रिपोर्टमधल्या ओळी जशाच्या तशा लिहून पाठवल्यात, म्हणून मी इतक्या ठामपणे सांगू शकते.

एएसडी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. घरात सगळ्यांचं लक्ष त्या 18 मिमीवर गेलं असणार. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या पुढच्या दोन गोष्टी : उजवे कप्पे मोठे झालेत (‘आरए-आरव्ही डायलेटेड’) ही एक, आणि क्यूपी-क्यूएसचा 2.2 हा आकडा ही दुसरी.

हृदयाची उजवी बाजू शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे प्राणवायू घेऊन शुद्ध झालेलं रक्त डाव्या बाजूला येतं आणि शरीरभर जातं. मधल्या पडद्यामुळे दोन्हीकडचं रक्त वेगळं राहतं आणि जेवढं शरीराला जातं तेवढंच फुप्फुसांना जातं. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. क्यूपी-क्यूएस 2.2 म्हणजे तुमच्या मुलीच्या शरीराला पाच लिटर जात असेल, तर फुप्फुसांकडे अकरा लिटर जातंय. वरचं सहा लिटर शुद्ध झालेलंच रक्त आहे. ते वरच्या डाव्या कप्प्यातून छिद्रावाटे उजवीकडे येतं, पुन्हा फुप्फुसांत जातं, पुन्हा डावीकडे येतं. शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. खालचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा आणि मऊ असतो, डाव्यापेक्षा सहज भरतो, त्यामुळे रक्त तिकडे वळतं. रिपोर्टवरच्या ‘लेफ्ट टू राइट शंट’चा अर्थ एवढाच.

सोसायटीत गच्चीवरच्या टाकीला गळती असून ते पाणी परत खालच्या टाकीत येतंय असं समजा. घराघरांतल्या नळाला पाणी नीट येतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. मोटर मात्र दुपटीने चालत असते. तुमच्या मुलीच्या शरीराला लागेल तेवढं शुद्ध रक्त मिळतंय, म्हणून ती निळी पडत नाही, चक्कर येऊन पडत नाही, नोकरी करते, हसते-खेळते. ताण पडतोय तो उजव्या कप्प्यांवर आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर, आणि तो जन्मापासून पडतोय. कप्पे मोठे होणं ही त्याचीच खूण.

म्हणूनच ‘त्रास नाही’ हे वाक्य या आजारात मी पुरावा म्हणून धरत नाही. शिवाय तुमच्याच पत्रात त्रास लिहिलेला आहे. चोवीस वर्षांच्या मुलीने ठाणे स्टेशनच्या जिन्यावर मध्येच थांबायचं काही कारण नाही. गर्दी असते हे खरं, पण त्याच गर्दीत तिच्या वयाच्या मुली धावत जाऊन ट्रान्स हार्बरची लोकल पकडतात. दम न लागता जिना चढणं काय असतं हे तिला अनुभवाने माहीतच नाही, मग ती तक्रार कशाशी तुलना करून करणार? छिद्र बंद झाल्यावर काही महिन्यांनी अनेकजण सांगतात की आपल्याला इतका दम लागत होता हे आत्ता कळलं.

लहानपणचे खोकले आणि बारीक अंगही यातलंच असू शकतं. इतकी वर्षं कळलं कसं नाही, म्हणून स्वतःला बोल लावू नका. वरच्या कप्प्यांच्या पडद्यातलं छिद्र फार गुपचूप असतं. तिथला दाबातला फरक कमी, त्यामुळे स्टेथोस्कोपला येणारा आवाज हलका असतो आणि खोकल्याने रडणाऱ्या मुलाच्या छातीत तो सहज निसटतो. पुष्कळ जणांना ते तिशी-चाळिशीतच कळतं. तुमच्या लेकीचं चोविसाव्या वर्षी कळलं, ते वेळेवरच म्हणायचं.

तसंच सोडलं तर काय होतं? तिशी-चाळिशीपासून दम वाढत जातो. ताणून मोठा झालेला वरचा कप्पा लय सोडतो, धडधड सुरू होते, पायांवर सूज येते. पायातल्या शिरेत कधी गुठळी झाली, तर एरवी फुप्फुसांत अडकणारी ती गुठळी छिद्रातून डावीकडे निसटून मेंदूत जाऊ शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. आणि काही थोड्या रुग्णांत, वर्षानुवर्षं दुप्पट रक्त सोसून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात, उजवीकडचा दाब चढत चढत डावीकडच्या वर जातो आणि प्रवाह उलटा फिरतो. मग अशुद्ध रक्त शरीरात मिसळतं, ओठ-नखं निळी होतात. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टराने 1897 मध्ये असा रुग्ण नोंदवला, म्हणून त्या अवस्थेला त्याचं नाव आहे. त्या टप्प्यावर छिद्र बंद करता येत नाही. वाढलेल्या दाबाला तेवढीच एक वाट उरलेली असते. तुमची मुलगी तिथून खूप लांब आहे, हे स्पष्ट लिहिते. ‘माइल्ड पीएच’ म्हणजे फुप्फुसांतला दाब थोडासा वाढलाय, आणि त्यातला बराचसा भाग जादा रक्तामुळेच असू शकतो. छिद्र बंद झालं की तो सहसा उतरतो. पण वाट कुठे जाते ते माहीत असताना त्या वाटेवर आणखी काही वर्षं चालत राहायचं कशाला?

इथे थोडं थांबून लहान बाळांच्या आयांसाठी लिहिते, कारण हे सदर त्याही वाचतात. छिद्र खालच्या कप्प्यांच्या पडद्यात असेल, किंवा जन्मानंतर काही दिवसांत बंद व्हायला हवी ती महाधमनी आणि फुप्फुसाच्या धमनीमधली नळी उघडी राहिली असेल, तर रक्त असंच वळतं, पण तिथे दाब फार मोठा असतो. मोठं छिद्र असेल तर नुकसान काही महिन्यांतच सुरू होतं. जन्मल्यावर बाळ अगदी छान दिसतं, कारण पहिले काही आठवडे फुप्फुसांतला दाबही चढा असतो आणि रक्त फारसं वळत नाही. मग महिना-दीड महिन्याचं झालं की ते अंगावर पिताना मध्येच सोडतं, दम घेतं, परत ओढतं. पंखा चालू असूनही कपाळावर घाम डवरतो. श्वास भराभर चालतो, वजन वाढत नाही, छाती सारखी भरते. ‘बाळ नीट पीत नाही’ एवढंच डॉक्टरांना सांगू नका, घाम आणि श्वासही सांगा. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, पण ते इको बघून डॉक्टरांनी ठरवायचं. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयविकारांसाठीचं रुग्णालय आहे, तिथे उपचाराचे पैसे घेत नाहीत. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मुलं तपासायला येणारी पथकं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असतात. हा कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहेत, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आता ग्रहण. ताई, बाळाचं हृदय गर्भ राहिल्यापासून पहिल्या आठ आठवड्यांतच घडतं. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. पोट दिसायला लागल्यावर लागलेल्या ग्रहणाने घडून गेलेल्या हृदयाला छिद्र पडत नाही, आणि आधी लागलेल्यानेही नाही. शंभर बाळांमागे साधारण एकाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो, आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. गरोदरपणात रुबेला होणं, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, काही गुणसूत्रदोष ही माहीत असलेली कारणं. सुरी त्यात नाही. सासूबाईंच्या वयाचा मान ठेवा, त्यांच्याशी वाद घालू नका, पण हे ओझं त्यांनी दिलं म्हणून तुम्ही उचलायचं नाही. तुमची यात काहीही चूक नाही. रात्री झोपा.

अर्जुनसालीच्या काढ्याने मोठ्या माणसातलं 18 मिमीचं छिद्र बुजत नाही. बाळपणी लहानसं छिद्र आपोआप बंद होऊ शकतं, चोविसाव्या वर्षी एवढं मोठं होत नाही. काढ्याच्या भरवशावर गेलेले महिने हेच त्यातलं नुकसान.

यजमानांना ‘कापाकापी’ची धास्ती आहे, ती समजते. पूर्वी हे खरंच छाती उघडून करावं लागायचं. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून माणसावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती अठरा वर्षांच्या एका मुलीचं नेमकं हेच छिद्र बंद करण्यासाठी होती. आज तुमच्या मुलीसारख्या बऱ्याच जणांना टाकासुद्धा लागत नाही. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून घडी घातलेलं उपकरण छिद्रापाशी पोहोचवतात. त्याची एक चकती पडद्याच्या डाव्या बाजूला उघडते, एक उजव्या बाजूला, आणि मधला भाग छिद्रात बसतो. लोक त्याला बटण किंवा छत्री म्हणतात. सगळं एक-दोन तासांचं काम, एक-दोन दिवसांत घरी. पुढच्या काही महिन्यांत त्यावर हृदयाचंच अस्तर चढतं.

पण बटण सगळ्यांना बसत नाही. ते टिकायला छिद्राभोवती पुरेशी कडा लागते. ती पाहायला घशातून अन्ननलिकेत नळी घालून इको करतात, त्याला टीईई म्हणतात. ही तपासणी सांगतील, ती करून घ्या. फुप्फुसांतला दाब नेमका मोजायचा असेल तर नळी घालूनच मोजतात, तेही गरज असेल तर होऊ द्या.

इको पुन्हा होईल तेव्हा लेकीसोबत आत जा आणि डॉक्टरांना पडदा दाखवायला सांगा. लाल-निळे रंग दिसतील. निळं म्हणजे अशुद्ध रक्त असं समजून घाबरू नका. छातीवर टेकवलेल्या प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दिसतं, रंगाचा प्राणवायूशी संबंध नाही. दोन वरच्या कप्प्यांच्या मधून एक रंगीत झोत दर ठोक्याला पलीकडे जाताना दिसेल. यजमानांनाही घेऊन जा. ‘धडधाकट आहे’ म्हणणाऱ्या बापाने तो झोत एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असं मला फार वाटतं.

डॉक्टरांना आधी सांगायच्या दोन गोष्टी घरीच तपासून ठेवा. बहुतेक बटणं निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असतात, तेव्हा खोट्या दागिन्यांनी तिच्या कानाला किंवा गळ्याला खाज, पुरळ येत असेल तर सांगा. दुसरं, दात. किडलेला दात असेल तर आधीच भरून घ्या, कारण बटण बसल्यावर पहिले सहा महिने दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही काही महिने असतात, त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे जड उचलायचं नाही. मधूनच धडधड वाढते, ती बरेचदा आपोआप शमते, पण छातीत दुखलं किंवा घेरी आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. बटण सरकणं, हृदयाला घासणं असे धोके क्वचित असतात, ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या आणि नंतरच्या तपासण्या चुकवू नका.

जाऊबाईंच्या सल्ल्याबद्दल. तुमच्या पत्रात यजमान बोलतात, जाऊबाई बोलतात, सासूबाई बोलतात. मुलगी कुठेच बोलत नाही. हृदय तिचं आहे, लग्नही तिचं आहे. आधी तिला रिपोर्ट समजावून सांगा, मग तिने त्या मुलाला सांगावं. स्वतः, दोघं भेटतील तेव्हा. मोठ्यांच्या बैठकीत चहा-पोह्यांबरोबर काढायचा हा विषय नाही. त्याला पुढच्या अपॉइंटमेंटला बरोबर यावंसं वाटलं तर येऊ द्या, डॉक्टर त्याच्याही शंका फेडतील. त्याच्या घरचे यावर मागे हटले तर वाईट वाटेल, तुम्हाला तिच्याहून जास्त वाटेल. पण लपवून लग्न केलं तर बाळंतपणाच्या पहिल्याच तपासणीत सगळं बाहेर येईल, आणि तेव्हा आजारापेक्षा लपवाछपवीचा बोभाटा होईल. तो तिला एकटीला, सासरी राहून सोसावा लागेल. मला हे अजिबात मान्य नाही.

मूलबाळाचं उत्तर आनंदाने देते. छिद्र वेळेत बंद झालं आणि फुप्फुसांतला दाब ठीक असला, तर गरोदरपण आणि बाळंतपण सहसा इतर बायकांसारखंच होतं. बटणानंतर साधारण सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. आईला जन्मजात दोष असला की बाळात तो असण्याची शक्यता थोडी वाढते, शंभरात तीन-पाचच्या आसपास, म्हणून अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाच्या हृदयाची इको करून घ्यायची. छिद्र उघडं असताना गरोदर राहणं मात्र टाळावं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण आणि गुठळीचा धोका दोन्ही वाढतात. त्याच कारणाने आणखी एक सांगते : लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मेडिकलमधून आणून देतात. त्यांच्यामुळेही गुठळीचा धोका वाढू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला त्या देऊ नका, घरचं कार्य असो की नात्यातलं.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत शरीराच्या आतले जन्मजात दोष धरले जातात का, हे तिने एचआरकडून मेलवर लिहून घ्यावं, तोंडी उत्तरावर थांबू नये. ते नाही जमलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि एएसडीच्या डिव्हाइस क्लोजरला मंजुरी मिळेल का ते विचारा. रुग्णालय निवडताना नुसती कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाचे उपचार करायची खोली, आहे एवढ्यावर जाऊ नका. ठाण्यात आणि नवी मुंबईत कॅथलॅब पुष्कळ आहेत, पण त्यातलं बरंचसं काम अँजिओप्लास्टीचं असतं. जन्मजात दोषांची बटणं नेहमी बसवणारे कोण आहेत ते विचारा, आणि बटण बसलं नाही तर शस्त्रक्रिया करणारी टीम त्याच रुग्णालयात आहे का, हेही.

टीईईत कडा कमी निघाल्या आणि शस्त्रक्रिया सांगितली, तर खचू नका. इकोची सीडी आणि सगळे रिपोर्ट घेऊन परळला केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घ्या. बरोबर कागदावर तीन प्रश्न लिहून न्या : किती रक्त वळतंय, फुप्फुसांत दाब किती आहे, आणि बटण बसवायला कुठली कडा अपुरी पडते.